भाग २४ : अठरा वर्षांचं शिल्प

(भागाचं लिखित रूप. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

 

चौदा महिन्यांनी माईक लावलाय. मधल्या काळात बऱ्याच जणांचे मेल आले. पॉडकास्ट बंद केलं का, पुढचा भाग कधी, पानिपतवरचा तिसरा भाग राहिलाय त्याचं काय. मी कुणालाच उत्तर दिलं नाही. सॉरी. आज कारण सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो, कारण तुम्ही इथं इतिहास ऐकायला येता.

आपल्या प्रत्येक भागाच्या शेवटी मी म्हणायचो, ‘एडिटिंग, माझा धाकटा भाऊ.’ घरी आम्ही त्याला बारक्या म्हणतो. तो गेल्या वर्षी जुलैमध्ये गेला. रात्रीची वेळ, पाऊस, आणि पुढं मागचा दिवा नसलेली एक ट्रॉली. बाईकवर होता. वय एकोणीस.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. ती बाईक घ्यायला बाबांचा विरोध होता. ‘एसटी आहे की, कशाला गाडी’ असं त्यांचं चाललं होतं. बारक्यानं मला फोन केला आणि मी बाबांना. पाऊण तास वाद घातला. ‘बाबा, तो काही आता लहान राहिला नाही,’ हे माझं वाक्य. डाउन पेमेंट मी भरलं. कर्जाच्या कागदावर सही बाबांनी केली.

बस. आता आजच्या गोष्टीकडे येऊया. आजची गोष्ट एका जर्मन चित्रकार बाईची आहे. तिचं नाव केटे कोलविट्झ.

बर्लिनमधली रिकामी खोली

फेब्रुवारीत ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर बर्लिनला गेलो होतो. शेवटच्या दिवशी दुपार मोकळी होती. उंटर डेन लिंडेन नावाचा मोठा रस्ता आहे, तिथं खांब असलेली एक बुटकी इमारत दिसली. नॉये वाखे. पूर्वी राजाच्या पहाऱ्याची चौकी होती, आता युद्धात आणि जुलमी राजवटीत मेलेल्यांचं स्मारक आहे. आत गेलो तर एक मोठी, रिकामी खोली. भिंतीवर चित्र नाही, बसायला बाक नाही. छताला मधोमध गोल भोक. त्या भोकाच्या खाली एक बाई बसलेली, ब्राँझची. मांड्यांच्या मधे तिनं मेलेल्या मुलाला असं आवळून धरलंय की तो परत पोटात शिरेल की काय असं वाटावं. वरून बर्फ भुरभुरत होता, तो थेट तिच्या डोक्यावर पडत होता.

मी तिथं किती वेळ उभा होतो ते माहीत नाही. बाहेर आल्यावर हॉटेलवर जाऊन नाव शोधलं. मूळ शिल्प लहान आहे, टेबलावर मावेल एवढं. १९३७ ते ३९ च्या आसपास केटेनं ते केलं. १९९३ साली त्याची मोठी प्रतिकृती करून इथं बसवली. मग मी तिच्याबद्दल वाचत सुटलो, आणि वाचता वाचता कळलं की हे शिल्प तर गोष्टीचा शेवट आहे. खरी गोष्ट वेगळ्याच शिल्पाची आहे, आणि ते करायला तिला अठरा वर्षं लागली.

थोडं मागे जाऊया

केटे श्मिट. जन्म ८ जुलै १८६७, क्यॉनिग्सबर्ग. हे गाव तेव्हा प्रशियात होतं, आज रशियात आहे आणि नाव आहे कालिनिनग्राद. वडील कायदा शिकलेले, पण सरकारी चाकरी न करता घरबांधणीच्या धंद्यात पडले. मुलीला चित्रकला येते हे वडिलांनी ओळखलं आणि तिला शिकवलं. त्या काळी मुलींना कला अकादमीत प्रवेश नव्हता, म्हणून ती बर्लिन आणि म्युनिकमध्ये बायकांसाठी वेगळ्या असलेल्या शाळांत शिकली.

तिच्या घरात मृत्यू आधीच येऊन गेला होता. आईची पहिली मुलं गेली होती, आणि केटे लहान असतानाच तिचा धाकटा भाऊ बेंजामिनही गेला. आई कधी रडताना दिसली नाही, तिनं ते सगळं आत ठेवलं, आणि मुलांना तिच्या फार जवळ जाता आलं नाही. हे केटेनं मोठेपणी लिहून ठेवलंय. ही आई ध्यानात ठेवा. दुःख गिळून उभी राहिलेली बाई कशी दिसते ते केटेनं घरातच पाहिलं होतं.

१८९१ मध्ये तिचं लग्न कार्ल कोलविट्झशी झालं. कार्ल डॉक्टर. कामगारांच्या आजारपण निधीतून चालणारा दवाखाना, बर्लिनच्या उत्तरेकडच्या कामगार वस्तीत. दवाखाना आणि घर एकाच इमारतीत. दाराशी रांगेत उभ्या असणाऱ्या बायका, खोकणारी पोरं, बेकार नवरे हे तिचे मॉडेल. पहिली गाजलेली चित्रमालिका विणकरांच्या उठावावर होती. १८४४ मध्ये सायलेशियातल्या विणकरांनी बंड केलं होतं, त्यावर गेरहार्ट हाउप्टमान या लेखकाचं नाटक आलं, ते पाहून तिनं १८९३ ते ९७ या काळात सहा चित्रं केली. १८९८ च्या प्रदर्शनात तिला सुवर्णपदक द्यावं अशी शिफारस झाली आणि कैसरनं ती नाकारली. म्हणजे तिशीतच तिचं नाव झालं होतं.

दोन मुलगे. हान्स १८९२ चा, पीटर १८९६ चा.

आता १९०३ सालचं एक चित्र सांगतो. नाव आहे ‘मेलेल्या मुलासह बाई’. ते बघताना अंगावर काटा येतो. आई मुलाला अशी बिलगलीय की जनावर वाटावी. या चित्रासाठी तिनं स्वतःलाच मॉडेल केलं. आरशासमोर बसली आणि मांडीवर सात वर्षांच्या पीटरला घेतलं. एका हातात पोरगं, दुसऱ्या हातानं चित्र. वजनानं ती कण्हायला लागली, तेव्हा पीटरच तिला धीर देत होता की चित्र छान होणार आहे.

अकरा वर्षांनी तो खरंच गेला.

१० ऑगस्ट १९१४

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. पीटर तेव्हा मित्रांबरोबर नॉर्वेत भटकायला गेला होता. पोरं धावत परत आली, भरती व्हायला. सगळ्या जर्मनीत तेच वारं होतं. पीटर अठरा वर्षांचा. एकवीस पूर्ण नसतील तर वडिलांची परवानगी लागायची.

१० ऑगस्टच्या संध्याकाळी पीटरनं विचारलं. कार्ल नाही म्हणाला. त्याचं म्हणणं साधं होतं: तुझ्या वयाच्या पोरांना अजून बोलावलेलं नाही, देशाला गरज लागली की बोलावतील. कार्ल समाजवादी होता, त्याला हे युद्धच पटत नव्हतं. पीटर ऐकेना. आणि मग पीटरनं आईकडे पाहिलं. केटे उठली. दाराशी मायलेकरांनी एकमेकांना मिठी मारली, आणि मग केटेनं नवऱ्याची विनवणी केली, जाऊ दे त्याला. कार्लनं परवानगी दिली.

हे सगळं तिच्या डायरीत आहे. ती १९०८ पासून डायरी लिहीत होती. स्वतःला वाचवायचा कुठलाही प्रयत्न त्यात नाही. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा लॅपटॉप बंद केला आणि दोन दिवस उघडला नाही. का ते तुम्हाला कळलंच असेल.

ऑक्टोबरच्या मध्याला पीटर आघाडीवर गेला. २२ ऑक्टोबरच्या रात्री बेल्जियममध्ये, डिक्समाउड गावाजवळ तो मारला गेला. आघाडीवर निघून पुरते दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. बातमी महिनाअखेरीस घरी पोचली.

पहिला आराखडा

१ डिसेंबर १९१४ ला, म्हणजे मुलगा जाऊन सहा आठवडेही झाले नव्हते, तिनं डायरीत लिहिलं की स्मारक करायचं. कसं तेही ठरलं होतं. पीटरचा देह आडवा, लांब पसरलेला. डोक्याशी बाप, पायाशी आई. बर्लिनजवळ हाफेल नदीच्या काठी एक उंचवटा आहे, तिथं ते उभं राहील. एकट्या पीटरचं नाही, त्याच्यासारख्या सगळ्या कोवळ्या स्वयंसेवकांचं.

आता गंमत बघा. ती तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची, जर्मनीतली नावाजलेली कलाकार. मेलेली मुलं आणि रडणाऱ्या आया हाच जिचा विषय, तिला हे शिल्प जमेना. वर्ष गेलं, दोन गेली. पीटरची खोली तिनं होती तशी ठेवली. ती स्टुडिओत जायची, माती मळायची, करायची, मोडायची. त्याचा चेहरा कसा करायचा? झोपलेला? मेलेला? हसरा? जो करेल तो खोटा वाटायचा. १९१९ च्या जूनमध्ये तिनं काम थांबवलं. आत्ता जमत नाही, पण मी परत येईन, अशी नोंद करून.

मी इथं जरा थांबतो.

आजकाल रील्सवर सारखं दिसतं, दुःख झालं? लिहा, चित्र काढा, मोकळे व्हाल. मलाही किती जणांनी सांगितलं. ‘अरे तू पॉडकास्ट करतोस ना, त्याच्यावर एक भाग कर, बरं वाटेल.’ मी बसलो की. बारक्यावर एक भाग करायचा म्हणून चार वेळा स्क्रिप्ट लिहिली. तो किती हुशार होता, किती हसरा होता, किती मदत करायचा. चारही वेळा ते फ्लेक्सवरच्या भावपूर्ण श्रद्धांजलीसारखं झालं. त्यात तो कुठंच नव्हता. खरा बारक्या आळशी होता, माझ्या शाम्पूची बाटली संपवायचा, आणि एडिट करताना माझ्या खोकल्यांची मोजणी ठेवायचा. तेही लिहून बघितलं. तरी तो आला नाही. मग मला वाटलं आपल्यालाच जमत नाहीये. केटेची पाच वर्षं वाचली तेव्हा जरा हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मधली वर्षं

थांबली म्हणजे ती हात बांधून बसली नाही. या काळाच्या आगेमागे दोन गोष्टी झाल्या.

पहिली म्हणजे तिचं मत बदललं, आणि ते तिनं उघड सांगितलं. ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनी हरत आलेली असताना रिचर्ड डेमेल या प्रसिद्ध कवीनं आवाहन केलं की उरलेल्यांनी शेवटच्या लढाईसाठी स्वखुशीनं पुढं यावं. हा कवी स्वतः पन्नाशीत भरती झालेला, त्यामुळं त्याच्या शब्दाला वजन होतं. केटेनं त्याला ‘फोरवेर्ट्स’ या समाजवादी वृत्तपत्रातून जाहीर उत्तर दिलं. पुरे झालं मरण, आता आणखी पोरं नकोत, असा त्याचा मथितार्थ. आणि शेवटी तिनं गटेचा आधार घेतला: पेरणीसाठी राखलेलं बी दळायचं नसतं, या अर्थाचा.

मी मूळचा जालन्याचा. बियाण्यांच्या कंपन्यांचं गाव. माझी आजी खेड्यात राहायची. पुढच्या पेरणीचं बी राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवायची. बहात्तरच्या दुष्काळातसुद्धा त्या मडक्याला हात लावला नाही, हे ती दर वर्षी एकदा तरी सांगायचीच. त्यामुळं हे वाक्य समजायला मला जर्मन साहित्य वाचावं लागलं नाही. जे घर बियाणं दळून खातं त्याला पुढचं साल नसतं. केटेनं ते पोरांबद्दल म्हटलं, आणि ज्या बाईनं चार वर्षांपूर्वी स्वतःच्या पोराला जाऊ दे म्हणून नवऱ्याची विनवणी केली होती तिनं म्हटलं. दोन आठवड्यांत युद्ध संपलं.

दुसरी गोष्ट म्हणजे तिनं माध्यम बदललं. आतापर्यंत ती धातूच्या पत्र्यावर कोरून किंवा दगडावर काढून छाप घ्यायची. तिथं बारीक रेषा, छटा, सगळं येतं. १९२० मध्ये तिनं एर्न्स्ट बारलाख या कलाकाराचे लाकडी ठशांचे छाप पाहिले आणि ती लाकडाकडे वळली. लाकडात लाड नसतात. एक तर काळं, नाही तर पांढरं. १९२१-२२ मध्ये तिनं ‘युद्ध’ नावाची सात ठशांची मालिका केली. त्यात एकही रणांगण नाही, तोफ नाही, शत्रू नाही. पहिल्या चित्रात आई तान्ह्या बाळाला दोन्ही हातांनी पुढं करतेय, बळी म्हणून. दुसऱ्यात पोरांची रांग ढोल वाजवणाऱ्या मृत्यूच्या मागं निघालीय, आणि मृत्यूच्या अगदी शेजारचा पोरगा म्हणजे पीटर. तिसऱ्यात आईबाप, एकमेकांत मिसळून गेलेला एकच काळा ढिगारा. मग विधवा, आया, आणि शेवटी लोक.

सात चित्रांचा क्रम नीट बघा. मेलेला मुलगा दुसऱ्याच चित्रात निघून जातो. उरलेली पाच चित्रं मागं राहिलेल्यांची आहेत. माझ्या मते शिल्पाचं कोडं इथं सुटायला लागलं.

दोन गुडघे टेकलेली माणसं

१९२० च्या दशकाच्या मध्याला ती परत स्मारकाकडे वळली. १९२६ च्या जूनमध्ये ती आणि कार्ल बेल्जियमला गेले, रोगेवेल्डे इथली पीटरची कबर बघायला. तिनं जागा पाहिली, आणि आता काम नदीकाठच्या टेकडीसाठी नव्हतं, या दफनभूमीसाठी होतं.

आराखड्यातून तिनं पीटरलाच काढून टाकलं होतं.

उरले आईबाप. आधी डोक्याशी आणि पायाशी असणारी दोन माणसं, आता तीच सगळं शिल्प. दोघंही गुडघ्यांवर. दोन वेगवेगळ्या चौथऱ्यांवर, मधे अंतर. बाप ताठ. दोन्ही हातांनी स्वतःलाच घट्ट आवळून धरलेलं, जणू हात सोडले तर फुटेल. नजर समोर. आई वाकलेली, अंगाभोवती वस्त्र ओढून घेतलेली, मान खाली. बापाचा चेहरा कार्लचा, आईचा चेहरा तिचा स्वतःचा. कुणी कुणाला धरलेलं नाही. ‘युद्ध’ मालिकेतले आईबाप एकमेकांत मिसळले होते, इथं दोघं आपापल्या जागी एकटे आहेत.

स्मारकं बहुतेक वेळा मेलेल्याला उंचावर ठेवतात. आपल्याकडे काय, जगात सगळीकडे तेच. इथं वर बघायला कुणी नाही. आपण कबरीच्या बाजूला उभे राहतो आणि जिवंत राहिलेली दोन म्हातारी माणसं आपल्यासमोर गुडघे टेकून बसलेली दिसतात. ती शोक करतायत, हे तर आहेच. मला ती माफी मागतायत असंही दिसतं. तुम्हाला पाठवणारे आम्ही होतो.

प्लास्टरमधली शिल्पं १९३१ मध्ये बर्लिनच्या प्रशियन कला अकादमीत लोकांना दाखवली. त्या अकादमीवर निवडून आलेली ती पहिली बाई, १९१९ मध्ये. मग दोन शिल्पकारांनी ती ग्रॅनाइटमध्ये कोरली. १९३२ च्या जुलैमध्ये ती बेल्जियममध्ये बसवली गेली. पहिल्या नोंदीपासून साडेसतरा वर्षं. तिचं वय पासष्ट.

सगळं झाल्यावर ती आणि कार्ल परत त्या मूर्तींपाशी गेले. ती आईच्या मूर्तीसमोर उभी राहिली, स्वतःच्याच दगडी चेहऱ्यासमोर. रडली आणि त्या गालांवरून तिनं हात फिरवला. कार्ल मागं उभा होता. डायरीत हे एवढंच आहे, दोनचार ओळीत.

१९५० च्या दशकात आसपासच्या जर्मन कबरी एकत्र करून व्लाड्सलो इथल्या दफनभूमीत हलवल्या, तेव्हा शिल्पंही तिकडे गेली. आज तिथं २५ हजारांहून जास्त सैनिक आहेत. पीटरच्या नावाची फरशी बापाच्या मूर्तीच्या अगदी समोर आहे. बापाची नजर तिथंच जाते.

मग बरं वाटलं का तिला?

हा प्रश्न मला स्वतःला पडला होता, म्हणून सांगतो. शिल्प झालं, दुःख संपलं, असं घडलं नाही.

सहाच महिन्यांत, १९३३ च्या सुरुवातीला, नाझी सत्तेवर आले. त्यांच्याविरुद्ध एकत्र या असं सांगणाऱ्या पत्रकावर तिनं सही केली होती, म्हणून तिला अकादमीतून जावं लागलं. प्रदर्शनांतून तिची कामं हटवली जाऊ लागली. १९३६ मध्ये गेस्टापोची माणसं घरी येऊन छळछावणीची धमकी देऊन गेली. आणि १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये, पीटरच्या मृत्यूच्या तारखेला, ती डायरीत लिहिते की एका म्हातारीच्या छोट्या शिल्पावर काम चालू आहे. तेवीस वर्षं झाली होती. अठरा वर्षांचं शिल्प उभं राहिलं होतं. तरी २२ ऑक्टोबरला तिच्या हातात परत माती होती, आणि मांडीत परत मुलगा. हेच ते नॉये वाखेतलं शिल्प. आता तिला त्याचा देह करता आला.

१९४० च्या जुलैमध्ये कार्ल गेला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात तिनं शेवटचा मोठा शिळाछाप केला. एक म्हातारी, हात पसरून आपल्या कोटाखाली तीन पोरांना दडपून ठेवतेय. पोरं मात्र द्वाड, कोटाखालून डोकी बाहेर काढून बघतायत, त्यांना जायचंय. चित्राचं नाव तेच, बियाण्याचं धान्य दळायचं नसतं. १९१४ मध्ये तिनं जे केलं नाही ते ही म्हातारी करतेय. आणि सप्टेंबर १९४२ मध्ये रशियाच्या आघाडीवर तिचा नातू मारला गेला. हान्सचा थोरला. त्याचं नाव काकावरून ठेवलं होतं, पीटर.

नोव्हेंबर १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचं ते जुनं घर जळालं. पन्नास वर्षांचं घर. ती स्वतः आधीच शहराबाहेर पडली होती. २२ एप्रिल १९४५ ला ड्रेस्डेनजवळच्या मोरिट्झबुर्गमध्ये ती वारली. युरोपातलं युद्ध संपायला सोळा दिवस उरले होते.

तर बरं वाटलं का, याचं माझ्यापुरतं उत्तर असं. कलेनं तिचं दुःख काढून घेतलं नाही. तिनं त्या दुःखाला जागा करून दिली, बेल्जियममध्ये, दगडात, जिथं दुसरेही येऊन उभे राहू शकतात. आणि काम करता करता तिला आपला प्रश्न बदलावा लागला. ‘तो कसा होता’ यावर ती पाच वर्षं अडली. ‘आम्ही काय केलं, आणि आता आम्ही कसे आहोत’ हे विचारल्यावर दगड हलला.

हेही खरं, की प्रत्येकाला अठरा वर्षं मिळत नाहीत. तिच्याकडे स्टुडिओ होता, डॉक्टरचं घर होतं. माझ्या आईनं तेराव्यानंतर चौथ्या दिवशी पुन्हा डबे करायला घेतले, कारण डबे लागतातच. तिचं काय? मला माहीत नाही. पण आई हल्ली दारासमोरची रांगोळी फार मोठी काढते. पूर्वी चार ठिपक्यांत आवरायची. मी त्याबद्दल काही बोललो नाही.

बाबा

वर्षश्राद्ध झाल्यावर यंदा घरात परत गणपती बसला. मी आठ दिवस घरी होतो. एका रात्री बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते. मी मोबाईलवर त्या दोन मूर्तींचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, ‘एका बाईनं केलंय, मुलगा गेल्यावर.’

बाबांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून बघितला. बराच वेळ. मग म्हणाले, ‘आई वाकलीय. बाप ताठ का ठेवलाय?’

मी म्हटलं, ‘माहीत नाही.’

‘वाकता येत नसेल त्याला,’ बाबा म्हणाले.

मग मी ते बोललो. चौदा महिने जे तोंडातून निघत नव्हतं ते. म्हटलं, ‘बाबा, गाडीचं मी तुमच्याशी भांडलो नसतो तर...’

त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. मोबाईल परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘सही माझी आहे.’

तेवढंच. नंतर आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. आईनं आतून विचारलं, दूध घेणार का. बाबा म्हणाले, दोघांनाही दे.

त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही, कारण त्यांच्या मते माफ करायला त्यांच्याकडे काही नाहीच. तेही आपल्या चौथऱ्यावर बसलेत. पण आम्हाला एकमेकांचा चौथरा दिसला. इतके महिने एका घरातले तिघं जण तीन वेगळ्या खोल्यांत हीच गोष्ट उगाळत होतो.

पुढचा भाग

आता पॉडकास्टचं. पानिपतचा तिसरा भाग रेकॉर्ड झालेला होता. एडिटिंग बारक्याकडे होतं. त्याच्या लॅपटॉपवर ती फाईल मिळाली. पहिली सतरा मिनिटं त्यानं साफ केलीत. माझा श्वास, खुर्चीचा आवाज, बाहेरचा भाजीवाला, सगळं काढलंय. सतराव्या मिनिटावर एक खूण आहे, तिला त्यानं नाव दिलंय ‘दादा खोकला क्र. ९’. तिथून पुढं सगळं कच्चं.

मी वर्षभर ती फाईल उघडून बंद करत होतो. पुढचं मी एडिट केलं तर त्याचं काम पुसलं जाईल असं वाटायचं. आता ठरवलंय. पुढच्या रविवारी तो भाग टाकतोय. पहिली सतरा मिनिटं त्याची, पुढची तीस माझी. मला त्याच्यासारखं जमत नाही, त्यामुळं फरक तुम्हाला लगेच ऐकू येईल. तो मी लपवणार नाहीये. नववा खोकला ठेवतोय.

तुमच्या घरातही कुणाचं असं काही अर्धवट पडलेलं असेल. भरतकामाची चौकट, वहीतला हिशोब, अर्ध्यावर सोडलेली भिंत. लगेच हात लावा असं मी सांगणार नाही. केटेनं मधे पाच-सहा वर्षं तिचं काम झाकून ठेवलं होतं. पण टाकून देऊ नका एवढं मात्र म्हणेन.

चला, भेटूया रविवारी, पानिपतावर.

एडिटिंग, आजपुरतं, मीच.